खोकल्याच्या चिठ्ठीवर छत्री

माझ्या हातची चित्रं तुम्ही पाहिली असतील, फक्त ती कोणी काढली हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. मोबाइलवर काही पुसायचं असलं की कचऱ्याचा डबा दिसतो, लिहायचं असलं की पेन्सिल दिसते. तो डबा माझा नाही आणि पेन्सिलही नाही. पण एखाद्या ॲपमध्ये जेवणाचा तीन पुडांचा डबा दिसला, किंवा बशीतला इराणी चहाचा कप, किंवा पाटा-वरवंटा, तर तो बहुधा माझा. मी आयकॉन काढते. या कामाचा पगार नाही, सुट्टी नाही आणि निवृत्तीही नाही. या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मी म्हटलं, ज्या कामाचे पैसे मिळाले ते काम सांगण्यासारखं नाही, आणि जे सांगण्यासारखं आहे ते फुकटचं आहे. संपादक म्हणाले, फुकटचंच लिहा.

तरी पगाराच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढे माझ्या हातून झालेल्या चुकीचं मूळ तिथे आहे. कोठी भागात पुस्तकांच्या दुकानांच्या वर एक कार्यालय होतं. तिथे आम्ही छापखान्यांसाठी अक्षरं रेखाटायचो. तेलुगू, उर्दू आणि देवनागरी. आधी ट्रेसिंग कागदावर शाईने, मग संगणकावर. मी अठ्ठावीस वर्षं तिथे काढली. मला शिकवणारे उस्ताद मूळचे उर्दूचे कातिब, म्हणजे छापण्यासाठी हाताने सुंदर अक्षर लिहिणारे. दिवसभरात बिघडलेलं प्रत्येक अक्षर ते संध्याकाळी स्वतःच्या हाताने फाडून टाकत आणि आम्हालाही फाडायला लावत. पहिल्याच आठवड्यात मी एक वाकडा 'झ' उद्या बघू म्हणून ठेवून दिला होता. उस्तादांनी तो उचलला आणि म्हणाले, "बिगडा हुआ हरफ रात कू मेज पे नक्को छोडो, बेटी. सुबू कू अच्छा दिखने लगता."

हे इतकं खरं होतं की पुढे मी जन्मभर ते पाळलं. वाईट काम डोळ्यासमोर राहिलं की डोळाच बिघडतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींनाही मी हेच शिकवलं आणि त्यांच्या रडण्याकडे दुर्लक्ष केलं.

कार्यालय बंद पडल्यावर मी बरकतपुऱ्यातल्या घरी बसले. घरी बसणं मला जमत नाही आणि मी घरी बसलेली घरच्यांना परवडत नाही. आमची सून ऋजुता मूळची पुण्याची, माधापूरला आयटीत आहे. तिने माझ्या समोर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "आई, हा एक ओपन सोर्स आयकॉन फॉन्ट आहे. जगभरातले लोक यात चित्रं देतात. तुम्ही ट्राय करा ना." ओपन सोर्स म्हणजे काय, हे तिने अर्धा तास समजावलं. मला कळलं ते असं की हे गावजेवण आहे. ज्याने त्याने आपापला पदार्थ करून आणायचा आणि कोणीही येऊन जेवायचं, फक्त पदार्थ पंगतीत जाण्याआधी कोणीतरी चाखून बघतो.

आता हा फॉन्ट काय प्रकार आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुम्ही 'क' टाइप करता तेव्हा यंत्र 'क'चं चित्र साठवत नाही, एक नंबर साठवतं. कोणत्या नंबरला कोणतं चित्र दाखवायचं, हे फॉन्ट सांगतो. आमच्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागी चित्रं आहेत, एवढाच फरक. सगळ्या चित्रांची नावं एका यादीत एकाखाली एक लिहिलेली. फॉन्ट बनवताना यंत्र वरून खाली मोजत येतं आणि ज्याची जी जागा तो त्याचा नंबर. म्हणून नवं चित्र नेहमी यादीच्या तळाला लिहायचं. मध्ये घुसवलं तर खालच्या सगळ्यांचे नंबर बदलतील. हा नियम मला पहिल्या दिवशीच सांगितला होता आणि मी तो कधी मोडला नाही. नीट वाचा, मी तो मोडला नाही.

माझं पहिलं चित्र पाण्याचा माठ. चोवीस घरं रुंद, चोवीस घरं उंच अशी चौकट असते, रेघेची जाडी दोन घरं, रेघेची टोकं गोल, आणि एवढ्यात माठ बसवायचा. मी तोटीचा माठ काढला. आमची चित्रं चाखून बघणारा, म्हणजे तपासणारा, मारेक नावाचा गृहस्थ आहे, तिकडे युरोपात राहतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. त्याने फार सभ्य भाषेत लिहिलं की चित्र सुबक आहे, पण हा बॉम्ब वाटतो आणि तोटी म्हणजे वात. माझा पारा चढला. ज्याने जन्मात माठातलं पाणी प्यायलं नाही त्याने मला माठ शिकवावा? मी तिरमिरीत चार परिच्छेद लिहिले. ऋजुताने ते पाठवू दिले नाहीत. मग तोटी खाली घेतली, मान लांब केली, खाली तिवई दिली. तीन आठवडे हे चाललं. शेवटी माठ घेतला गेला, पण त्या ओढाताणीत त्याचं पोट एका बाजूला अर्धं घर जास्त फुगलं ते फुगलंच. तुम्हाला दिसणार नाही. मला ते पान उघडलं की आधी तेच दिसायचं.

त्यानंतर मी बरीच चित्रं दिली, पण ज्यासाठी हे काम केल्याचं समाधान आहे ती सात आहेत. ती रुक्मिणबाईंमुळे झाली.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक धर्मादाय दवाखाना आहे. मी तिथे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जाते. रुक्मिणबाई चिक्कडपल्लीत दोन-तीन घरी स्वयंपाक करतात. त्यांचं माहेर उदगीरकडचं, सासर इथलं, वय साठीच्या पुढे. बाकावर शेजारी बसल्या आणि मी मराठी बोलते हे कळल्यावर मोकळ्या झाल्या. त्यांना जांघेत खाज होती. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, पण चिठ्ठी वाचता येईना, म्हणून त्यांनी ती किराणा दुकानात दाखवली. दुकानदाराने भर गिऱ्हाइकांत मोठ्याने वाचून दाखवली, कुठे लावायचं त्यासकट. त्यानंतर त्यांनी ते औषधच बंद केलं. खाज वाढली तेव्हा परत आल्या होत्या. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी घरी आले आणि कामाला बसले. सकाळ, दुपार, रात्र. रिकामं ताट म्हणजे जेवणाआधी, भरलेलं ताट म्हणजे जेवणानंतर. हात म्हणजे अंगाला लावायचं, चमचा म्हणजे प्यायचं. प्रत्येक चित्र मी रुक्मिणबाईंना दाखवून पक्कं केलं आणि माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या विद्येची त्यांनी पार फजिती केली. माझा उघडा पंजा बघून त्या म्हणाल्या, "ह्यो पोलीस थांबवायलाय." मग दंडावर चोळणारी बोटं काढली. क्षितिजावरचा अर्धा सूर्य म्हणजे सकाळ, हे त्यांना लगेच पटलं. डोक्यावरचा पुरा सूर्य म्हणजे दुपार, हेही पटलं.

मारेकने सातही चित्रं एकाही शब्दाची दुरुस्ती न सांगता घेतली आणि ती यादीच्या तळाला गेली. त्यांच्या खाली पुढे कोणीतरी छत्री दिली. ऋजुताने दवाखान्यासाठी छोटा प्रोग्राम लिहून दिला. कंपाउंडर नरसिंहलू औषधाचं नाव निवडायचा, वेळा निवडायचा आणि चित्रांची चिठ्ठी छापून यायची. दवाखान्यात तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी, सगळ्या भाषांचे लोक. नरसिंहलूला एकच गोष्ट चार भाषांत सांगून घशाला कोरड पडायची. तो मला म्हणाला, चित्रं आल्यापासून माझ्या तोंडाला आराम मिळाला. ही मला शाबासकी वाटली.

रुक्मिणबाईंनी पहिली चिठ्ठी माझ्यासमोर स्वतः वाचली, घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. म्हणाल्या, "आता कुनाला इचारायचं काम नाई." माझ्या कुठल्याही अक्षराला असं बक्षीस मिळालेलं नव्हतं.

मी लोभी झाले ती इथून. माझी सुधारलेली चित्रं त्यांना लवकर मिळावीत म्हणून मी ऋजुताच्या मागे लागले, की दवाखान्याच्या संगणकाने दर सोमवारी सकाळी नवा फॉन्ट आपोआप उतरवून घ्यावा. ती म्हणाली, "आई, रिस्की असतं असं. एक व्हर्जन फिक्स ठेवूया." मी ऐकलं नाही. माझं मत असं की नवं नेहमी जुन्यापेक्षा चांगलं असतं, कारण जुनं बिघडलेलं मी फाडलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात मी तो माठ पुन्हा काढला. पोट दोन्हीकडे सारखं, तोटी नेटकी, तिवईचे पाय बरोबर. नियमाप्रमाणे नवा माठ यादीच्या तळाला लिहिला. मग वर, यादीच्या मध्यावर, जुना माठ दिसला. बॉम्बसारखा. नवा इतका चांगला झाल्यावर हा कशाला ठेवायचा? मी ती ओळ पुसली. बरं वाटलं. मारेकने लिहिलं की अखेर एक देखणा माठ मिळाला, आणि मंजुरी दिली. एरवी तो माझी रेघन् रेघ तपासतो. त्या दिवशी त्याने माठ पाहिला आणि पुसलेली ओळ पाहिली नाही. मीही पाहिली नाही, म्हणजे पाहिली आणि कळलं नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला नरसिंहलूचा फोन आला. तो हसत होता. "अम्मा, खाँसी के दवा की चिठ्ठी पे छत्री आरी. पेशंट पूछरा, पानी में भीगना नै क्या?"

मीही हसले. हसू तोंडावर असतानाच मला यादी आठवली. यादीत चमच्याच्या खाली छत्री आहे. चमच्याच्या जागी छत्री दिसते म्हणजे खालचं चित्र एक घर वर आलं. एक वर आलं तर सगळीच आली असणार. आणि वर यायला मध्ये एक जागा रिकामी व्हावी लागते. ती मी केली होती. नवं चित्र मध्ये घुसवायचं नाही, हा नियम मी पाळला. जुनं काढायचंही नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणाला ते सांगावंसं वाटलं नव्हतं. दवाखान्याच्या प्रोग्रामकडे नुसते नंबर होते. त्याने नेहमीचेच नंबर छापले होते, त्या नंबरांची चित्रं बदलली होती.

मी नरसिंहलूला सांगितलं की एकही चिठ्ठी आता देऊ नकोस, आणि चपला पायात सरकवून निघाले. चालता चालता बोटांवर मोजत होते. सकाळच्या जागी दुपार. दुपारच्या जागी रात्र. रात्रीच्या जागी रिकामं ताट. रिकाम्याच्या जागी भरलेलं. भरलेल्याच्या जागी हात. आणि हाताच्या जागी चमचा. तिथे मी रस्त्यात थांबले. अंगाला लावायचं औषध प्यायचं झालं होतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा नरसिंहलूचं हसू मावळलेलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी त्यांना सांगितलं की चिठ्ठ्या चुकल्या आहेत आणि चूक माझी आहे. त्यांनी मला एकही दोष दिला नाही, फक्त विचारलं, किती गेल्या. एकतीस गेल्या होत्या. नरसिंहलू एकेक चिठ्ठी संगणकावर उघडू लागला, मी खरा अर्थ सांगू लागले, आणि डॉक्टरीणबाई स्वतः फोन लावू लागल्या. ऋजुताला मी आधीच फोन केला होता. तिने एक प्रश्न विचारला नाही. "मी फॉन्ट बघते, मारेकला उठवते. तुम्ही माणसं बघा," एवढंच म्हणाली.

बहुतेक गोळ्या जेवणाआधीच्या नंतर झाल्या होत्या. त्यांचं फार बिघडणार नव्हतं, फोनवर सांगून भागलं. लावायच्या औषधाच्या बाटल्या दोन गेल्या होत्या. एक निवृत्त मास्तरांकडे. ते म्हणाले, बाटलीवर इंग्रजीत लिहिलंय की लावायचं, मी चित्र कशाला बघू. दुसरी बाटली रुक्मिणबाईंची होती.

आधी त्यांना मलमाची नळी मिळायची. ती लावायची हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच पांढऱ्या पातळ औषधाची बाटली दिली होती. मी नरसिंहलूला विचारलं, तू तोंडाने सांगितलंस का? तो खाली बघत म्हणाला, चित्रं असतात म्हणून सांगायचं सोडलंय. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, प्यायलं तर? त्या म्हणाल्या, "झटके येऊ शकतात. या वयात नको." रुक्मिणबाईंचा म्हणून दिलेला फोन त्यांच्या मुलाचा होता. मुलगा कामावर, फोन बंद. त्या साडेआठलाच औषध घेऊन गेल्या होत्या. आता अकरा वाजून गेले होते. अडीच तासांत माणूस किती चमचे पिऊ शकतो, हे मी मोजत होते.

मग मी ती चिठ्ठी स्वतः वाचायला घेतली. डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं: सकाळी, रात्री, अंगाला लावणे. सगळं एकेक घर सरकल्यावर चिठ्ठीवर काय उमटलं होतं? डोक्यावरचा सूर्य, रिकामं ताट, चमचा. दुपारी, जेवणाआधी, चमचाभर. निरर्थक काहीतरी आलं असतं तर त्या थांबल्या असत्या, परत आल्या असत्या. हे इतकं स्पष्ट होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. पण त्यातच मला धागा मिळाला. चिठ्ठी दुपार म्हणत होती. रुक्मिणबाई चित्राबाहेर जाणार नाहीत. माझ्या हातात दुपारपर्यंतचा वेळ होता, तोही माझ्याच चुकीने दिलेला.

मी रिक्षा केली. नारायणगुड्याच्या चौकात सिग्नल दोनदा सुटला आणि आम्ही तिथेच. रिक्षावाल्याला मी तीनदा घाई केल्यावर तो म्हणाला, उड के जाऊँ क्या अम्मा, आणि गाडी बंद करून बसला. मी उतरले आणि चालत चौक ओलांडून पलीकडून दुसरी रिक्षा केली. माझे गुडघे अशा चालीचे राहिलेले नाहीत.

चिक्कडपल्लीत दवाखान्याच्या वहीतला पत्ता होता: पिठाच्या गिरणीमागे. गिरणीमागे सहा दारं. पाचव्या दारातल्या तेलुगू बाईंनी सांगितलं की रुक्मिणक्का या वेळी घरी नसते, ती बाजारामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकाला असते आणि जेवणही तिथेच करते. मी विचारलं, सोबत काही नेलं का? त्या म्हणाल्या, औषधाची पिशवी नेली, दुपारी घ्यायचं आहे म्हणत होती. घड्याळात पावणेबारा झाले होते.

तीन मजले मी कसे चढले ते मला आठवत नाही. दार एका प्रौढ बाईंनी उघडलं. मी काही न बोलता त्यांच्या स्वयंपाकघरात घुसले. आयुष्यात कोणाच्या घरात अशी शिरले नव्हते.

रुक्मिणबाई जमिनीवर बसल्या होत्या. समोर झाकलेलं ताट. ताटाशेजारी चिठ्ठी उलगडून ठेवलेली, तिच्यावर ती बाटली आणि बाटलीशेजारी धुऊन पुसलेला चमचा. बाटलीचं बूच बंद होतं. मी आधी बाटली उचलली, मग श्वास घेतला.

"आवं बाई, तुमी कशाला आलाव येवढ्या उन्हात?"

"घेतलंत का?"

"नाई की. सूर्य डोक्यावर याचाय अजून." त्यांनी चिठ्ठी उचलली आणि एकेका चित्रावर बोट ठेवत मला वाचून दाखवली. दुपार, जेवायच्या आदी, चमचा. मी शिकवलं होतं तसं, एकही चूक न करता.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. घरच्या बाईंनी पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर मी सांगितलं की हे प्यायचं नाही, लावायचं आहे, चित्रं माझ्या हातून सरकली, चूक माझी. रुक्मिणबाईंनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि बूच काढून वास घेतला. मग म्हणाल्या, "वास तर येत होता बाई. मनात आलतं, हे प्यायाचं कसं? पन चित्र तुमचं हाय म्हनलं. तुमी चुकीचं कशाला काढताल?"



आम्ही तिथेच असताना ऋजुताचा फोन आला. मारेक उठला होता, फॉन्ट पूर्ववत झाला होता. पूर्ववत म्हणजे काय, तर माझा जुना माठ त्याच्या जागी परत ठेवला होता. तो आता कधीही काढता येणार नाही. नवा देखणा माठही आहे, यादीच्या तळाला, पण वरचा तो अर्धं घर फुगलेला बॉम्ब फॉन्ट असेपर्यंत तिथे राहणार. आमच्या धंद्यात चित्र वाईट असलं तर चालतं, जागा सोडलेली चालत नाही, हे मी साठी उलटल्यावर शिकले. उस्ताद असते तर त्यांना हे कसं समजावलं असतं, याचा मी कधी कधी विचार करते.

घडलेलं सगळं मी प्रकल्पाच्या पानावर लिहिलं. मारेक म्हणाला, मंजुरी त्याची होती, नाव त्याचं घाला. मी माझंच घातलं. आणखीही काही लोकांची त्या सकाळी पंचाईत झाली होती. एकाच्या कपड्यांच्या दुकानाच्या ॲपमध्ये शिलाई मशीनच्या जागी पाटा-वरवंटा आला होता आणि त्याला वाटलं होतं की कोणी थट्टा केली. आता नियमावलीत ठळक ओळ आहे की यादीतली कुठलीही ओळ पुसायची नाही. यंत्रालाच ती तपासणी शिकवली आहे, त्यामुळे हीच चूक पुन्हा होणार नाही. दवाखान्याचा संगणक आता आपोआप काही उतरवून घेत नाही. नरसिंहलू पुन्हा चार भाषांत बोलतो आणि खडीसाखर जवळ ठेवतो.

रुक्मिणबाईंची खाज बरी झाली. माझ्यावर त्यांचा राग नाही, संक्रांतीला तिळाची वडी घेऊन आल्या होत्या. पण परवा दवाखान्यात बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांना गुडघ्याला लावायचं तेल मिळालं होतं. त्यांनी चिठ्ठी उलगडली, नीट पाहिली, आणि उठून नरसिंहलूकडे गेल्या. "ये सही है ना, भैया?" तो हो म्हणाला. मग परत येऊन ती माझ्यापुढे धरली. "बाई, बरोबर हाय ना?" मी हो म्हटलं. तरी दाराशी पोचल्यावर त्यांनी बाहेरून आत येणाऱ्या एका अनोळखी मुलाला थांबवलं आणि चिठ्ठी त्यालाही दाखवली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, हे चांगलं आहे, प्रत्येक पेशंटने असं विचारावं. त्यांचं बरोबर आहे. मी बाकावर बसून बघत होते. तो मुलगा चिठ्ठी उजेडात धरून मोठ्याने वाचत होता आणि रुक्मिणबाई मान खाली घालून ऐकत होत्या. ती चित्रं मी काढली होती, ती त्यांना कोणाला काही विचारावं लागू नये म्हणून.